अलास्काचा 18 ऑक्टोबर: दिनविशेष लिहायचा तर असा लिहा

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे आहे, आणि तेच ते जन्म-मृत्यू लिहून खरंच कंटाळा आलेला, तेवढ्यात क्रूझवर कामाला असलेल्या मावसभावाने अलास्कातल्या सिटका गावाचा फोटो पाठवला आणि म्हटलं चला, अमेरिकेतल्या एका राज्याचा एकच दिवस धरून बघू. तुम्हालाही शाळेच्या किंवा देवळाच्या फळ्यावर असलं काही करायचं असेल तर मी कसं केलं ते सांगतो.

तारीख आपल्या मनाने निवडू नका. त्या राज्याचे लोक स्वतः जी पाळतात ती घ्या. अलास्कात 18 ऑक्टोबरला सरकारी सुट्टी असते, अलास्का डे. 1867 साली अमेरिकेने अलास्का रशियाकडून विकत घेतलं, आणि त्या दिवशी सिटकाच्या टेकडीवर रशियाचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. उतरला म्हणजे काय, दोरीत अडकला, मग एका शिपायाला दोराने वर चढवला, आणि त्याने झेंडा सोडवून हातात खाली आणायचा सोडून सरळ वरून टाकून दिला, तो पडला खाली उभ्या रशियन सैनिकांच्या संगिनींवर! असा एक प्रसंग सापडला की तोच रंगवून लिहा, पंचवीस ओळींची यादी कोणी वाचत नाही.

आता खरी मेख. तारीख कोणाच्या कॅलेंडरची आहे ते बघा. रशियाचं जुनं कॅलेंडर 12 दिवस मागे होतं, शिवाय अलास्का तेव्हा आशियाच्या बाजूने दिवस मोजायचं, म्हणून सत्ता बदलली तेव्हा शुक्रवार 6 ऑक्टोबरनंतर उजाडला तो परत शुक्रवारच, पण 18 ऑक्टोबर. आपल्याकडे तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, पण वार कधी डबल झालेला पंचांगात तरी मी बघितला नाही. 12 ऐवजी 11च तारखा का गळाल्या असं मुलं विचारणार, उत्तर हेच, बाराचा फरक होता पण एक दिवस वार डबल करून परत मिळाला.

घड्याळाचंही तसंच. 1964 चा अलास्काचा मोठा भूकंप, 9.2 तीव्रतेचा, तिथे 27 मार्चला संध्याकाळी 5:36 ला झाला, गुड फ्रायडे होता. आपल्याकडे तेव्हा 28 मार्चची सकाळ, नऊ वाजून गेलेले. राज्याचा दिनविशेष आहे तर तारीख त्या राज्यातली लिहायची, विषय संपला.

आणि ओढाताण करू नका. 18 आकडा दिसला म्हणून मी आदिवासींच्या जमिनीचा कायदा यात बसवणार होतो, नीट बघितलं तर तो 18 डिसेंबर 1971 चा. खरेदीच्या करारावर सही झाली ती 30 मार्च 1867 ला, 72 लाख डॉलर, आणि राज्याचा दर्जा मिळाला 3 जानेवारी 1959 ला, 49 वं राज्य. ही दोन्ही खाली बारीक अक्षरात, संदर्भ म्हणून, मुख्य ओळीत नाही. आकार समजावा म्हणून मी लिहिलं की अलास्कात साडेचारशेच्या वर गोवे मावतील, पोरांना तेच सगळ्यात आवडलं.

एक ओळ मात्र गाळू नका. ही जमीन विकली गेली तेव्हा तिथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांना कोणी विचारलंच नाही, त्यांचं म्हणणं की जमीन आमची, रशियाने विकलीच कशी. जवळजवळ शंभर वर्षांनी, 16 जानेवारी 1967 ला, आपल्याला गोव्यात मतदान घेऊन विचारलं होतं, फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, आणि दोन पानं 34,021 मतांनी जिंकली. त्या निकालावर आमच्या घरात अजून वाद होतात, मराठी घरात होणारच. पण निदान विचारलं तरी, एवढं मी फळ्यावर कंसात लिहिलं.

झेंड्याचा प्रसंग वर, शुक्रवारची गंमत मध्ये, ट्लिंगिटांची ओळ शेवटी, सगळं मिळून आठ ओळी. आणि आदल्या रात्री लिहून ठेवू नका, ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी कधीही येतो आणि आमचा फळा व्हरांड्यात आहे.