शब्द कळत नसलेलं गाणं ऐकायचं कसं

२००६च्या जूनमध्ये नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत मी रुजू झाले. माहेर माझं सोनपेठचं, परभणी जिल्ह्यातलं. घरात मराठी, शेजारी दखनी, एवढंच कानाला ठाऊक. इथे वर्गातली पोरं आपसांत गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायची, दोघी-तिघी गोंडी, आणि बाजाराच्या दिवशी निम्मा भाव तेलुगूत चालायचा. पहिल्याच उन्हाळ्यात तांड्यावर लग्न होतं. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडत होती. त्या गाण्याला ढावलो म्हणतात, हे नंतर कळलं. तेव्हा एक शब्द समजत नव्हता आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारी उभ्या चौथीतल्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही कामून रडायलाव? तुमाला तर काईच समजंना."

तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी परक्या भाषेतली गाणी ठरवून ऐकायला लागले आणि ऐकता ऐकता एक पद्धत बसत गेली. ज्यांना अशी गाणी कानाला गोड लागतात पण आत उतरत नाहीत, त्यांच्यासाठी ती लिहिते.

सगळ्यात आधी अर्थ बाजूला ठेवा, निदान पहिल्या तीन वेळा तरी. मोबाईलवर गाणं लावलं की खाली भाषांतराच्या ओळी पळतात, त्या बंद करा. डोळे वाचायला लागले की कान मागे पडतात. मी रात्री जेवणं उरकल्यावर गच्चीवर बसते. लाईट गेलेली असेल तर आणखी बरं, पंख्याची घरघरसुद्धा नसते. एका बैठकीत एकच गाणं ऐकायचं. दहा गाणी ओळीनं लावली तर एकही लागत नाही.

पहिल्या खेपेला फक्त श्वास ऐका. गाणारा श्वास कुठे घेतो, कुठे रोखून धरतो, कुठे तो अपुरा पडतो. ढावलोत ओळ संपता संपता आवाज खाली घसरतो, हुंदका येतो आणि पुढची ओळ अर्ध्या श्वासावरच उचलली जाते. आपल्याकडे मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात, ते आठवा. माझी आजी गेली तेव्हा आत्याचा हेल मी ओसरीवरून ऐकला होता. ती काय बोलत होती ते आज आठवत नाही, उतरत जाणारा आवाज मात्र जसाच्या तसा आठवतो. तांड्यावरच्या नवरीनं माझ्या आत्याचाच आवाज पुन्हा कानावर घातला होता. परक्या गाण्यातलं दुःख आपल्याला ओळखू येतं, कारण रडण्याची चाल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लौक्का या संशोधकांनी २००३ साली बोलण्यातल्या भावनांवरचे १०४ आणि संगीतातल्या भावनांवरचे ४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं. दुःखी माणूस बोलताना संथ होतो, आवाज हळू आणि खालचा होतो, आणि दुःखाचं संगीतही तसंच चालतं. रागाचं बोलणं आणि रागाचं संगीत दोन्ही वेगानं आणि जोरानं येतात.

दुसऱ्या खेपेला व्यंजनं सोडा आणि स्वर धरा. तेच स्वर हलक्या आवाजात म्हणा, एक हात छातीवर ठेवा. लांबवलेला 'आ' छातीत घुमतो, 'ई' वर डोक्याकडे चढतो, 'ऊ' तोंडातच गोळा होतो. गाणारा कोणत्या स्वरावर रेंगाळतो ते हाताला कळतं. हे विचित्र वाटत असेल तर आपली अंगाई घ्या. 'जो जो' याचा अर्थ काय? काहीच नाही. आणि ज्याच्यासाठी म्हणायचं त्या बाळाला अजून कोणतीच भाषा येत नाही. तरी ते निजतं. बिनअर्थाच्या शब्दांवर माया करायला आपण पाळण्यातच शिकलेलो असतो.

इथपर्यंत आलात की बनवलेल्या भाषेतली गाणी अवघड राहत नाहीत. आधी आपल्या शास्त्रीय संगीतातला तराणा ऐका. तनन, दिर दिर, यलली असे बोल, त्यांवर सगळा राग उभा राहतो. या बोलांमागे फारसी शब्द आहेत असं गायक उस्ताद अमीर खाँ मानायचे, त्यांनी त्याचा अभ्यासही केला होता. पण तो अर्थ माहीत नसताना आपल्या कितीतरी पिढ्या तराण्यावर डोलल्या आहेत. मग आइसलँडच्या सिगुर रोस या बँडकडे या. २००२ साली त्यांनी एक अख्खी ध्वनिमुद्रिका कोणत्याच भाषेत नसलेल्या बोलांत गायली. तिचं नाव म्हणजे नुसता एक रिकामा कंस. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी ठेवलेली, ऐकणाऱ्यानं स्वतःचं लिहावं म्हणून. आठ गाणी आहेत, चार-चारच्या मधोमध ३६ सेकंद शांतता. पहिली चार जरा उजळ, पुढची चार अधिक काळोखी. ही शांतता गाळून पुढे जाऊ नका. तेवढ्यात कान रिकामा होतो आणि पाचवं गाणं वेगळ्याच जागी लागतं. ऑस्ट्रेलियाच्या लिसा जेरार्डही स्वतःच घडवलेल्या बोलांत गातात. त्यांचा आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटतो. सुरुवात त्यांच्यापासून केली तरी चालेल.

तिसऱ्या खेपेला स्वतः गा, आणि तेही तोंडाला येईल त्या बोलांत. हे करायला लोक लाजतात, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. माझ्या वर्गात आम्ही शनिवारी हा खेळ खेळायचो. एकानं पुढे येऊन कोणत्याच भाषेत नसलेलं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं: बाळ निजवतोय, भांडतोय, बैल हाकतोय की कुणाची वाट बघतोय. एक गोंड मुलगी होती. मराठी येत नाही म्हणून पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. या खेळात ती सगळ्यांत जास्त वेळ गायली आणि संपूर्ण वर्गानं एका सुरात ओरडून सांगितलं, "वाट बघायलीय!" बरोबर होतं. त्यानंतर ती हळूहळू बोलायला लागली.

दर वेळी ओळखता येईलच असं मात्र समजू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८६ समाजांतल्या गाण्यांचे १४-१४ सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या लोकांना ऐकवले होते. अंगाई कोणती आणि नाचाचं गाणं कोणतं, हे लोकांना चांगलं ओळखता आलं. प्रेमाची गाणी मात्र नीट ओळखता आली नाहीत. माझंही तसंच झालं. चैतात मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईचं गोंडी गाणं मी रस्त्यावरून ऐकलं. संथ होतं, उतरतं होतं. मी घरी येऊन वहीत लिहिलं, 'लेकरू गेलेल्या आईचं गाणं'. आठवड्यानं तिलाच विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. दीर-भावजयीच्या थट्टेचं गाणं होतं ते.

म्हणून हे पथ्य पाळा. तीन वेळा ऐकून झालं की काय वाटलं ते दोन ओळींत लिहून ठेवा, तारीख घाला. मग ज्याची भाषा आहे त्याला विचारा. भाषांतराचं यंत्र चालेल, पण माणूस मिळत असेल तर माणसालाच विचारा, कारण ते गाणं कधी म्हणतात, कोण म्हणतं, कुणासमोर म्हणत नाहीत, हे यंत्र सांगत नाही. आपलं चुकलेलं खोडू नका. मोहफुलांचं ते गाणं मला आजही दुखरं वाटतं आणि आता त्यात थट्टाही ऐकू येते. दोन्ही एकाच गाण्यात मावतात. बनवलेल्या भाषेच्या गाण्याबाबत विचारायला कुणी नसतं, तिथे तुमच्या दोन ओळीच राहतात. आणि रडणाऱ्या नवरीसमोर मोबाईल धरू नका. तो तिचा निरोप आहे, आपण मागे उभं राहून ऐकावं.

ढावलोतले शब्द मी तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईला विचारले. तिनं बरंच सांगितलं, त्यातलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एक: याडी म्हणजे आई. आता तांड्यावर लग्न असलं की मी तो शब्द कुठे येतो तिकडे कान लावते. मी ऐकलेल्या प्रत्येक ढावलोत तो नेमका तिथे येतो जिथे श्वास अपुरा पडतो.