‘स्वातंत्र्य’ कुठे लिहावं आणि कुठे लिहू नये

मुद्रितं तपासायच्या माझ्या कामात एक चूक माझ्याच नावावर जमा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१च्या भाषणात सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांवरचा मजकूर होता. भाषणाचे स्वातंत्र्य, उपासनेचे स्वातंत्र्य, अभावाचे स्वातंत्र्य, भीतीचे स्वातंत्र्य. चारही ओळी एका मापाच्या, कानामात्रा जागच्या जागी. मी पान पुढे सोडलं. छापून आल्यावर एका वाचकाने विचारलं, “घाबरायलाही आता परवानगी लागते का हो ताई?”

तेव्हापासून पहिली तपासणी हीच. मराठीत ‘अमुकचं स्वातंत्र्य’ म्हटलं की ते अमुक करायला मिळतं. बोलण्याचं, फिरण्याचं, धर्म पाळण्याचं. जे नकोसं आहे त्याच्यापासून सुटायचं असेल तर शब्द ‘मुक्ती’, आणि आधी ‘पासून’ हवं. भीतीपासून मुक्ती, अभावापासून मुक्ती. ओळींचं माप बिघडलं तर बिघडू द्यावं.

दुसरी तपासणी देणाऱ्याची. समोरचा देतो आणि उद्या काढूनही घेऊ शकतो, तर ती ‘मुभा’ किंवा ‘मोकळीक’. ‘कर्मचाऱ्यांना शनिवारी साध्या कपड्यांत येण्याचे स्वातंत्र्य देण्यात येत आहे’ असं एक परिपत्रक माझ्याकडे आलं होतं. मी ‘मुभा’ केलं, साहेबांनी पुन्हा ‘स्वातंत्र्य’ केलं. पुढच्या महिन्यात सूचना आली, शनिवारचं बंद. मुभाच होती ती! या दोन शब्दांतही फरक आहेच. मुभा नेमक्या गोष्टीची असते: उशिरा यायची, प्रश्न विचारायची. मोकळीक जरा ऐसपैस: ‘घरात मुलांना मोकळीक आहे’ म्हटल्यावर कशाची ते कुणी विचारत नाही. नियम सगळ्यांना लागू आहे, पण तुम्हाला नाही, तर ‘सूट’. संस्था आपला कारभार आपणच पाहते, तर ‘स्वायत्तता’. आणि बोलणाऱ्याला राग आला की या सगळ्यांचा ‘स्वैराचार’ होतो. त्या शब्दातून वागणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त कळतो.

‘स्वतंत्र’ या विशेषणाला तर रोजच्या वापरात निम्म्या वेळा स्वातंत्र्याशी देणंघेणंच नसतं. ‘प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा’ म्हणजे वेगवेगळा. ‘ते दोघं आता स्वतंत्र राहतात’ म्हणजे चूल वेगळी झाली. इथे कुणी बंधनं तोडलेली नसतात.

आता लिखाण. सर्वांत जास्त लाल शाई इथेच जाते. ‘स्वतंत्र’ला ‘य’ लागला की पहिलं अक्षर दीर्घ होतं, सुंदरचं सौंदर्य आणि चतुरचं चातुर्य होतं तसंच. म्हणून स्वातंत्र्य, आणि उलट बाजूला परतंत्रचं पारतंत्र्य. ‘स्वतंत्र्य’मध्ये काना गेला, ‘स्वातंत्र’मध्ये य गेला. ‘स्वतंत्रता’ चालेल, पण ‘स्वातंत्र्यता’ म्हणजे टोपीवर टोपी. टंकताना त, हलन्त, र, हलन्त, य असा क्रम ठेवा. पहिला हलन्त विसरलात तर रफार य च्या डोक्यावर चढतो आणि ‘स्वातंतर्य’ उमटतं.

अनेकवचन ‘स्वातंत्र्ये’, बोलताना ‘स्वातंत्र्यं’. ऐकायला अवघडच वाटतं, कारण मराठीत आपण भाववाचक शब्द सहसा मोजत नाही. मोजायचीच वेळ आली तर बिनधास्त वापरा, एरवी एकवचनात भागवा. राज्यघटनेच्या उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना अशी पाच नावं आहेत आणि पुढे ‘यांचे स्वातंत्र्य’, एकच. मोजणीचं दुसरं ठिकाण सॉफ्टवेअरचं. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणजे जे कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येतं ते. त्याची व्याख्या चार स्वातंत्र्यांवर उभी आहे आणि त्यांचे क्रमांक ० ते ३ असे आहेत, पहिल्यांदा तो शून्य मी छपाईची चूक समजून खोडला होता. तिथे ‘मोफत’ लिहू नका. इंग्रजी ‘फ्री’ या एका शब्दात दोन्ही भागवते, आपल्याकडे दोन शब्द आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ची स्वातंत्र्ये मोजताना मात्र पुस्तकाचं साल बघा. भाषण, शांततेने एकत्र जमणं, संघटना, संचार, वास्तव्य, व्यवसाय अशी आज सहा भरतात. जुन्या पुस्तकात ‘सात’ दिसलं तर लगेच खोडू नका. सातवं मालमत्तेचं होतं, ते १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने वगळलं. मी समासात पेन्सिलीने साल लिहिते आणि सात तसेच ठेवते.