गिट संथ झालंय? आधी ते अडतंय कुठे ते बघा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. आमच्या मोठ्या रिपॉझिटरीत (गिट सांभाळतं ते प्रोजेक्टचं फोल्डर) 'गिट स्टेटस', म्हणजे काय काय बदललंय ते सांगणारी कमांड, म्हटलं की उत्तर यायला ११ सेकंद लागायचे. दिवसातून पन्नासदा ही कमांड मारणारीला हा छळच. तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. कुठेतरी वाचलं आणि 'गिट जीसी --अ‍ॅग्रेसिव्ह' सोडून दिलं. लॅपटॉपचा पंखा दीड तास घोंघावत राहिला, '.गिट' फोल्डर जरा बारीक झालं आणि स्टेटसला लागले तेच ११ सेकंद. लागणारच. जीसी आवरतं इतिहासाचा पसारा, आणि स्टेटसचा वेळ जातो डिस्कवरच्या फाइली तपासण्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

(कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

म्हणून पहिलं काम मोजणीचं. कमांडच्या आधी 'गिट_ट्रेस२_पर्फ=१' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा, रोमनमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल. स्क्रीनवर ओळींचा पूर येईल, घाबरू नका. त्यात 'वर्कट्रीज', 'इंडेक्स' आणि 'अनट्रॅक्ड' अशी लेबलं शोधा आणि प्रत्येकासमोरचे सेकंद वाचा. माझ्याकडे ११ पैकी जवळजवळ ९ सेकंद एकट्या 'अनट्रॅक्ड'ने खाल्ले होते.

ते का, हे कळायला स्टेटसची दोन कामं वेगळी करून पाहावी लागतात. एक, ट्रॅक होणारी प्रत्येक फाइल बदलली का हे तपासणं. यासाठी गिट फाइल उघडत नाही. आकार, बदलाची वेळ वगैरे माहिती गिटच्या इंडेक्स नावाच्या यादीत लिहून ठेवलेली असते, ती डिस्कवरच्या माहितीशी जुळली की पुढची फाइल. म्हणजे इंडेक्स हीच मुळात कॅश, पुन्हा शोधावं लागू नये म्हणून जपलेली माहिती. सुरुवातीच्या काळात तिचं नावही कॅशच होतं, 'डिफ --कॅश्ड' मधला तो शब्द तिथूनच राहून गेलाय. दुसरं काम, गिटला माहीत नसलेल्या नव्या फाइली हुडकणं. यासाठी फोल्डरमागून फोल्डर पालथी घालावी लागतात आणि घाम निघतो तो इथे.

आमची 'गिटइग्नोर' फाइल (गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी) बघितली तर त्यात '*.ओ', '*.लॉग', '*.टीएमपी' अशी एक्स्टेन्शनची रांग. बिल्ड फोल्डरमध्ये हजारोंनी फाइली, सगळ्या इग्नोर होणाऱ्या. पण गिटला हे आत जाऊन, एकेक नाव पॅटर्नशी लावूनच कळायचं. मी वर एकच ओळ टाकली: 'बिल्ड/'. शेवटच्या तिरक्या रेघेसकट. अख्खं फोल्डरच इग्नोर असेल तर गिट त्याच्या दारातूनच परत फिरतं, आत डोकावत नाही. त्या एका ओळीने ११ चे ४ सेकंद झाले. किंमत एवढीच की मग आतल्या एखाद्या फाइलला उद्गारचिन्ह लावून वाचवता येत नाही. आमची तशी एक सेटिंगची फाइल होती, ती बाहेर हलवली. कॅशची कुठलीही कॉन्फिग लावण्याआधी हे करा. फुकटचं आहे आणि बहुतेकांचं निम्मं दुखणं इथेच असतं.

मग अनट्रॅक्ड कॅश. फोल्डरमध्ये फाइल आली किंवा गेली की फोल्डरची स्वतःची बदलाची वेळ पुढे सरकते, या एका गोष्टीवर ती उभी आहे. वेळ तीच असेल तर मागच्या वेळची यादी खरी धरायची. पण हे सगळ्याच फाइल सिस्टिमवर भरवशाने होत नाही, म्हणून आधी 'गिट अपडेट-इंडेक्स --टेस्ट-अनट्रॅक्ड-कॅश' चालवा. ही तपासणी मुद्दाम थांबत थांबत चालते, अडकली असं समजून बंद करू नका. पास झाली की 'गिट कॉन्फिग कोअर.अनट्रॅक्डकॅश ट्रू'. एक बजावून सांगते: त्यानंतरचा पहिला स्टेटस पूर्वीइतकाच रेंगाळेल, कारण कॅश तेव्हाच भरली जाते. आमच्यातल्या एकाने तेवढ्यावरच 'काही उपयोग नाही' म्हणून सेटिंग काढून टाकलं होतं. दुसरा स्टेटस मोजा.

एवढं करूनही जड जात असेल तर 'कोअर.एफएसमॉनिटर ट्रू'. विंडोज आणि मॅकओएसवर गिटच्या २.३७ आवृत्तीपासून हा पहारेकरी आतच येतो. तो पार्श्वभूमीत बसून कुठल्या फाइली हलल्या याची नोंद ठेवतो, आणि स्टेटस सगळं घर धुंडाळण्याऐवजी फक्त त्याला विचारतो. मी लिनक्सवर असते, तिथे वॉचमन हा फाइलींवर नजर ठेवणारा वेगळा प्रोग्राम हूकमधून (गिट स्वतः चालवतं ती स्क्रिप्ट) जोडलाय. चार-पाच हजार फाइलींच्या रिपॉझिटरीला मात्र याची गरज नाही, उगाच एक प्रोसेस पाळायची.

आता दुखणं इतिहासाचं असेल, म्हणजे स्टेटस झटकन येतो पण इतिहास दाखवणारा 'लॉग --ग्राफ' कण्हतो, तर वरचं काहीही कामाचं नाही. तिथे हवा कमिट-ग्राफ. एरवी एका कमिटचा (बदलांची एक नोंद) पालक, म्हणजे त्याआधीचा कमिट, कोण हे कळायलाही गिटला ते ऑब्जेक्ट उघडून, फुगवून वाचावं लागतं. कमिट-ग्राफच्या फाइलमध्ये पालक, तारीख आणि पिढीचा क्रमांक हे आधीच मांडलेलं असतं. 'गिट कमिट-ग्राफ राइट --रीचेबल --चेंज्ड-पाथ्स' असं चालवा. शेवटचा पर्याय विसरू नका: त्याने प्रत्येक कमिटसोबत एक ब्लूम फिल्टर साठतो, जो 'ही फाइल या कमिटमध्ये नक्कीच बदललेली नाही' किंवा 'कदाचित बदलली असेल' एवढंच सांगतो. एकाच फाइलचा इतिहास मागताना ते 'नक्कीच नाही' सोन्यासारखं असतं, कारण बहुतांश कमिट न उघडताच मागे पडतात.

हे रोज हाताने करायचं नाही. 'गिट मेंटेनन्स स्टार्ट' एकदा म्हटलं की तासातासाला कमिट-ग्राफ ताजा होतो आणि रिमोटवरचं (सर्व्हरवरच्या सामायिक प्रतीतलं) नवं आधीच आणून ठेवलं जातं. रोज एकदा सुटे ऑब्जेक्ट बांधले जातात. आधीच आणलेलं वेगळ्या रेफखाली (कमिटकडे बोट दाखवणारं नाव) पडतं, त्यामुळे तुमचा 'ओरिजिन/मेन', म्हणजे सर्व्हरवरच्या मुख्य ब्रँचची तुमच्याकडची खूण, तुमच्या नकळत हलत नाही, फक्त तुम्ही फेच म्हणाल तेव्हा आणण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फळ देणारी कमांड हीच.

क्लोनच, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवून घेणंच, जड असेल तर 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' मारून 'साइझ-पॅक' बघा. तिथे जीबीत आकडा दिसला तर बहुधा कुणीतरी कधीतरी व्हिडिओ किंवा झिप कमिट केलेली आहे. नंतर डिलीट केली तरी इतिहासात ती आहेच. इतिहास नव्याने लिहिणं हा मोठा उपद्व्याप, तो इथे नको. तोवर माणसांसाठी 'क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन' वापरा, कमिट सगळे येतात आणि फाइलींचा मजकूर लागेल तसा. 'ब्लेम' (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) मात्र मग रखडतो, जुना मजकूर नेटवर्कवरून ओढत बसतो. '--डेप्थ १' हे एकदा वापरून फेकायच्या सीआयच्या (कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) क्लोनसाठी. त्यावर रोजचं काम करू नका, दोन ब्रँचचा समान पूर्वज शोधायची वेळ आली की तोंडघशी पडाल.

सीआयच्या मशीनवर आम्ही एक मिरर (रिपॉझिटरीची हुबेहूब प्रत) ठेवला होता आणि प्रत्येक जॉब '--रेफरन्स' देऊन त्यातून क्लोन करायचा. वेग सुरेख. पण असा क्लोन ऑब्जेक्ट आपल्याकडे घेत नाही, मिररकडे बोट दाखवून मोकळा होतो. डिस्क भरली म्हणून एका सहकाऱ्याने मिरर उडवला आणि जपून ठेवलेले सगळे क्लोन एका क्षणात निकामी झाले, जो तो 'ऑब्जेक्ट सापडत नाही' म्हणत बसला. आता जो क्लोन जॉबनंतर टिकवायचा त्याला '--डिसोसिएट' लावतो, म्हणजे उसनं घेतलेलं कॉपी करून तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. आणि मिररच्या फोल्डरचं नाव आम्ही बदलून 'हात-लावू-नका' ठेवलंय.