इंग्रजी संभाषणात औपचारिकता किती ठेवावी?

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील योग्य सर्वनाम निवडले की आदराचा निम्मा प्रश्न सुटतो. इंग्रजीत मात्र ‘दाऊ’ हे एकेरी सर्वनाम अठराव्या शतकापर्यंत प्रमाण बोलीतून जवळजवळ नाहीसे झाले आणि मित्रासाठी व वरिष्ठासाठी ‘यू’ एवढेच उरले. त्यामुळे तेथे आदराचा भार मुख्यतः वाक्याच्या रचनेवर पडतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते विनंती करताना. ‘सेंड मी द फाइल, प्लीज’ हे वाक्य आपल्याला पुरेसे नम्र वाटते. परंतु ‘प्लीज’ जोडले तरी आज्ञार्थ तो आज्ञार्थच, म्हणून सहकाऱ्यालाही ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ असे विचारणे बरे. प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागायचे असेल, तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड राइट मी अ रेफरन्स’ अशी सुरुवात करावी. येथील भूतकाळ काळ दाखवत नाही, तर नकार देण्यास वाव ठेवतो. मागणी जितकी मोठी आणि ओळख जितकी कमी, तितके वाक्य अधिक आडवळणाने जावे. हीच रचना जेवताना मित्राकडे मीठ मागण्यासाठी वापरली, तर तो टोमणा वाटेल.

औपचारिक म्हणजे जड शब्द, ही समजूत सोडून द्यावी. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा ओघ आला आणि ‘बाय’शेजारी ‘परचेस’, ‘आस्क’शेजारी ‘एन्क्वायर’ अशा साध्या आणि जड शब्दांच्या जोड्या तयार झाल्या. तथापि बोलताना, अगदी मुलाखतीतही, साधा शब्दच शोभतो. ‘डोन्ट’, ‘आयम’ ही संक्षिप्त रूपेही तेथे चालतात. ‘गॉना’ आणि ‘वॉना’ मात्र टाळावीत. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे आपल्या कार्यालयीन पत्रव्यवहाराचे लाडके वाक्य तोंडी तर मुळीच वापरू नये.

संबोधनाबाबत, ‘मिस्टर’ किंवा ‘डॉक्टर’ यांच्यापुढे आडनाव येते, पहिले नाव नव्हे. भारतीय कार्यालयात ‘सर’, ‘मॅडम’ स्वाभाविक असले, तरी ब्रिटन-अमेरिकेतील बहुतेक कार्यालयांत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. अंदाज येत नसेल, तर औपचारिक सुरुवात करून समोरच्याची रीत पाहावी. त्याने स्वतःहून पहिले नाव सुचवल्यावरही आडनावालाच चिकटून राहिल्यास त्याला ते अंतर राखणे वाटू शकते.