संगणकावर भूरूपं शिकवताना या चुका टाळा

नववीच्या वर्गापुढे सह्याद्री पडद्यावर उभा करणं आता अवघड राहिलेलं नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेली एसआरटीएमची उंचीची माहितीही फुकट मिळते. सगळं इतकं हाताशी आल्यामुळेच घाई होते. शिक्षकांच्या कार्यशाळांना मदतीला जातो तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पाहाव्या लागतात.

सगळ्यात मोठं नुकसान करते ती ‘फिल सिंक्स’ ही पायरी डोळे मिटून चालवण्याची सवय. उंचीची ही माहिती छोट्या चौकोनांत असते, प्रत्येक चौकोनाला एक उंची. नद्यांचं जाळं काढायचं तर प्रत्येक चौकोनातल्या पाण्याला शेजारच्या खालच्या चौकोनात उतरायला वाट लागते. मोजणीतल्या चुकांमुळे मध्येच खोटे खड्डे उरतात आणि पाणी तिथे अडतं. ते बुजवण्यासाठी ही पायरी आहे. पण खोटा खड्डा कुठला आणि खरा कुठला, हे संगणकाला कळत नाही.

एका कार्यशाळेत एका शिक्षकांनी व्हिडिओ बघून सगळी बटणं पाठ केली होती. वीस मिनिटांत बुलढाण्याकडच्या नद्यांचा नकाशा तयार झाला, प्रोजेक्टरवर लागला, टाळ्याही पडल्या. त्या दिवशी काही विद्यार्थीही बसले होते. त्यांतली लोणारकडची एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, आमचं तळं कुठंय?’’ खरंच नव्हतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल विवर, काठ जिथे सर्वांत खाली आहे तिथपर्यंत सपाट भरून गेलं होतं आणि त्यावरून एक निळी रेघ बाहेर पडत होती. बसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर जगात दुर्मीळ म्हणून आपण शिकवायचं आणि आपल्याच नकाशातून ते पुसायचं! ती मुलगी नसती तर तोच नकाशा वर्गावर्गांत गेला असता, हे आठवलं की आजही जीव हळहळतो.

तेव्हापासून मी खड्डे भरलेल्या उंचीच्या थरातून मूळ थर वजा केल्याशिवाय पुढे जात नाही. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे चौकोनाचौकोनाची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सोयीत, एका ओळीचं काम आहे. विखुरलेले उथळ ठिपके बहुतेक वेळा मोजणीतले दोष असतात. मोठी, खोल, गोल चकती दिसली की थांबायचं आणि तिथे काय आहे ते शोधायचं. आता मी हा वजाबाकीचा नकाशाच मुलांना आधी देतो. लोणार त्यांना स्वतःला सापडतं आणि मग ते विसरत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे व्हर्टिकल एक्झॅजरेशन, उंची ताणून दाखवणं. डोंगर उठून दिसावा म्हणून पाचपट ताणतात. पाचपटीला १० अंशांचा साधा उतार पडद्यावर ४१ अंशांचा कडा होतो. अशा वर्गातल्या मुलांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. दख्खनच्या पठाराचा छेद काढताना त्यांनी सुळके काढले होते. पठार म्हणजे काय हेच त्यात हरवलं होतं. मी सुरुवात १ पटीनेच करतो. मुलं म्हणतात, ‘‘एवढंच?’’ म्हणू द्या. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा १ पटीतही कडाच दिसतो. सह्याद्रीसाठी २ च्या वर मी कधी जात नाही आणि कितीपट ताणलं ते फळ्यावर लिहून ठेवतो.

उताराच्या नकाशात सगळीकडे ९० अंशांच्या जवळचे आकडे आले, तर समजा, आडवी अंतरं अक्षांश-रेखांशांच्या अंशांत आहेत आणि उंची मीटरमध्ये. आधी यूटीएममध्ये, म्हणजे अंतरं मीटरमध्ये देणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात बदला. त्याचा पट्टा असा: पुणे, नाशिक, कोल्हापूर, लोणारसाठी ४३ उत्तर, नागपूर-गडचिरोलीसाठी ४४ उत्तर.

हिलशेडमध्ये, म्हणजे उजेड-सावलीने उठाव दाखवणाऱ्या नकाशात, दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागल्या तर प्रकाशाची दिशा ३१५ अंश, म्हणजे वायव्येकडून ठेवा.

कोयनेच्या मागे दिसणारं सपाट मैदान मैदान नसून धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी आहे. हे मुलांनी विचारण्याआधी सांगा.

झीज दाखवणारं सिम्युलेशन दहा सेकंदांत दरी कोरतं. ते चालवण्याआधी मुलांकडून वहीत काळपट्टी आखून घेतलीच पाहिजे. आपला बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

आणि स्थलनिर्देशक नकाशा कपाटात ठेवून थेट माउस हातात देऊ नका. पहिला तास समोच्च रेषा पेन्सिलीने गिरवण्यात जाऊ दे. ‘‘वेळ नाही’’ हे मला पटत नाही. ज्याने एकदा हाताने छेद काढलाय, त्याला पडद्यावरचा चुकीचा छेद लगेच खटकतो.

निघोजचे रांजणखळगे शोधत बसू नका. चौकोनच ३० मीटरचा, त्यात ते दिसायचे नाहीत. त्यासाठी आम्ही मुलांना घेऊन कुकडीच्या पात्रात जातो, उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. मुलं टेप धरून रांजणाचं तोंड मोजतात, कडेच्या उथळ खळग्यांतले गोल गोटे हातात घेऊन एकमेकांवर घासून बघतात.