लॉर्ड कोण, सर कोण? ब्रिटिश-आयरिश किताबांबाबत या चुका टाळा

असईच्या लढाईवरच्या लेखांत एक वाक्य हटकून भेटते: ‘२३ सप्टेंबर १८०३ रोजी ड्यूक ऑफ वेलिंग्टनने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला.’ त्या दिवशी वेलिंग्टनचा ड्यूक असा कुणी अस्तित्वातच नव्हता. केळणा नदी ओलांडून आला तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. त्याला ‘सर’ मिळाले १८०४ मध्ये. स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर १८०९ मध्ये तो व्हायकाउंट झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्विस, आणि ड्यूक थेट १८१४ मध्ये. (बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक या सरदारकीच्या चढत्या पायऱ्या; ड्यूक सोडून बाकीच्यांना ‘लॉर्ड’ म्हणतात.) शिवाय वेलिंग्टन हे त्याचे आडनाव नव्हेच. ते सॉमरसेटमधले गाव. आडनावाशी उच्चार जुळतो म्हणून भावाने किताबासाठी निवडलेले. तेव्हा घटनेच्या तारखेला जो किताब होता तोच लिहावा. नंतरचा सांगायचाच असेल तर ‘पुढे ड्यूक झालेला’ एवढे पुरे.

थोरला भाऊ रिचर्ड तर आणखी फसवतो. १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आला तो लॉर्ड मॉर्निंग्टन, आणि वसईचा तह झाला तेव्हा होता लॉर्ड वेलस्ली. माणूस एकच. श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये त्याला मार्क्विस केले, पण आयर्लंडचा. इंग्लंडच्या किताबाची आस लावून बसलेल्या रिचर्डने त्याला ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ म्हटले! (बटाटा म्हणजे आयरिश लोकांचे रोजचे अन्न.)

आयरिश किताब लोकांना इतका कमी का वाटायचा, हे कळले की बरेच घोळ सुटतात. आयर्लंडच्या सरदाराला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपोआप जागा नसे. १८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झाल्यावरही सगळ्या आयरिश सरदारांनी मिळून फक्त २८ प्रतिनिधी निवडून पाठवायचे, असा नियम झाला. पण याच्या उलट बाजूचा फायदाही होता: असा लॉर्ड हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवू शके. म्हणून ‘लॉर्ड असून कॉमन्समध्ये? छापताना चूक झाली असणार’ असे ठरवून मजकूर दुरुस्त करू नका. क्लाइव्हला १७६२ मध्ये मिळालेला किताब आयरिश होता. त्याच्या सनदेतली ‘प्लासी’ बंगालमधली नव्हे, तर आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातली. पंतप्रधान लॉर्ड पामर्स्टन आयुष्यभर कॉमन्समध्येच बसले. कर्झनला १८९८ मध्ये मुद्दाम आयरिश बॅरन केले, तेही परतल्यावर कॉमन्सचा दरवाजा उघडा राहावा म्हणून.

दोन माणसांचा एक होतो, तो प्रकार जास्त वाईट. पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज कधीच लॉर्ड नव्हता. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज हा वेगळा गृहस्थ. १८१३ मध्ये तो भारतात आला तेव्हा आयर्लंडचा अर्ल ऑफ मॉयरा होता. उलट, गांधीजींशी १९३१ मध्ये करार करणारा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स हे एकच. १९३४ मध्ये वडील वारले, त्यांचा किताब त्याच्याकडे आला आणि नाव बदलले. सूचीत एखादा सापडेनासा झाला, तर मूळ आडनावाखाली शोधा. याच्या बाबतीत ते साधे ‘वुड’.

‘सर’ नेहमी पहिल्या नावाला लागतो: सर बार्टल, किंवा सर बार्टल फ्रिअर, नुसते ‘सर फ्रिअर’ नाही. बॅरोनेट हा ‘सर’ लावणारा किताब वंशपरंपरेने चालतो (आपल्या सर जमशेटजी जीजीभॉयना तो १८५७ मध्ये मिळाला), पण बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. लॉर्डचे गणित उलटे. ‘लॉर्ड कर्झन’ बरोबर, ‘लॉर्ड जॉर्ज कर्झन’ चूक. पहिल्या नावाआधी लॉर्ड लागतो तो ड्यूक आणि मार्क्विसच्या धाकट्या मुलांना, जसे लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल. तो मान व्यक्तीपुरता, म्हणून त्यांचा मुलगा विन्स्टन लॉर्ड नव्हता.

आणि एल्फिन्स्टन! पेशवाईनंतरचा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लॉर्डचा मुलगा होता, स्वतः लॉर्ड नव्हता. १८५७ च्या धामधुमीत मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याचा पुतण्या. कॉलेज काकाच्या नावाचे, रेल्वे स्टेशन पुतण्याच्या. स्टेशनचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, त्यामुळे निदान तिथला गोंधळ मिटला.