एका सर्व्हरवर तीस पायथन साइट्स, एन्जिनएक्सचा ब्लॉक मात्र एकच

दोन-तीन साइट्स असतील तर प्रत्येकीसाठी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये वेगळा सर्व्हर ब्लॉक, म्हणजे त्या साइटच्या सेटिंगचा तुकडा, लिहिला तरी काही बिघडत नाही. आकडा वीस-तीसवर गेला की मात्र डोक्याला ताप होतो. ब्लॉक कॉपी करायचा, नाव बदलायचं, पोर्ट बदलायचा, आणि नेमकं एका ओळीत जुनं नाव तसंच राहतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवा: फोल्डरचं नाव तेच साइटचं नाव. सबडोमेन, सॉकेट (एन्जिनएक्स आणि साइटची प्रोसेस ज्यातून बोलतात ती फाइल), सर्व्हिस, लिनक्स युजर, सगळं त्याच नावावरून निघालं पाहिजे. मग नवी साइट म्हणजे नवा फोल्डर, नवा युजर आणि एक कमांड. एन्जिनएक्सला हात लावायचा नाही.

काही जण मेमरी वाचवायला सगळ्या साइट्स एकाच पायथन प्रोसेसमध्ये कोंबतात. ते करू नका. जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या डब्ल्यूएसजीआय फाइलमध्ये (साइट जिथून लोड होते ती फाइल) सेटिंग्जचं नाव 'सेटडिफॉल्ट'ने एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलेलं असतं, म्हणजे आधीच काही असेल तर ते बदलत नाही. प्रोसेस एक असली की जी साइट आधी लोड झाली तिचीच सेटिंग्ज बाकीच्यांना लागतात आणि एका डोमेनवर दुसऱ्याच साइटचा डेटाबेस उघडतो. लायब्ररींच्या आवृत्त्यांची मारामारी वेगळीच. प्रत्येक साइटला तिची प्रोसेस आणि तिचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ररींचा स्वतंत्र फोल्डर) द्या.

आता एन्जिनएक्स. सर्व्हर नेममध्ये नेहमीच्या नावाऐवजी टिल्डने (~) सुरू होणारा रेगेक्स, म्हणजे नावाचा नमुना, लिहायचा आणि सबडोमेनचा भाग 'साइट' नावाच्या ग्रुपमध्ये पकडायचा. त्यात फक्त लहान इंग्रजी अक्षरं, अंक आणि हायफन चालू द्या. पकडलेलं नाव पुढे थेट फाइलच्या पाथमध्ये जातं, त्यामुळे टिंब किंवा स्लॅश आत येऊ देणं म्हणजे दुसऱ्याच्या फोल्डरची वाट दाखवणं. रेगेक्समध्ये महिरपी कंस असतील तर तो अख्खा अवतरणचिन्हात घाला, नाहीतर एन्जिनएक्स त्या कंसाला ब्लॉकची सुरुवात समजतं.

रिक्वेस्ट पुढे कुठे पाठवायची हे सांगणाऱ्या प्रॉक्सी पासमध्ये पोर्ट न देता युनिक्स सॉकेटचा पाथ द्या आणि त्यात 'साइट' हे व्हेरिएबल वापरा. पोर्ट वापरले तर कुठला पोर्ट कुणाचा याची वही ठेवावी लागते. सॉकेटच्या पाथला लिनक्समध्ये १०७ बाइट्सची मर्यादा आहे, म्हणून फोल्डर फार खोल नको. स्टॅटिक फाइल्सच्या रूटमध्येही तेच व्हेरिएबल. तिथे ४०३ (परवानगी नाही) आला तर फाइलची नव्हे, आधी वरच्या प्रत्येक फोल्डरची एक्झिक्यूट परवानगी बघा; एन्जिनएक्सच्या युजरला एकाही पायरीवर ती नसली की वाट तिथेच बंद.

होस्ट आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे दोन हेडर पुढे पाठवायला विसरू नका. पहिला नसेल तर जँगो ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देतो, कारण आलेलं नाव अलाउड होस्ट्स या चालणाऱ्या नावांच्या यादीत सापडत नाही. दुसरा नसेल, किंवा जँगोला तो वाचायला सांगितलेलं नसेल, तर एचटीटीपीएसकडे वळवणारी साइट स्वतःकडेच वळत राहते आणि ब्राउझर कंटाळून थांबतो. रेगेक्सला न जुळणाऱ्या नावांसाठी वेगळा डिफॉल्ट सर्व्हर ठेवून ४४४ परत करा. उत्तर न देता कनेक्शन तुटतं.

खरी गंमत लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या टेम्प्लेट युनिटमध्ये (एकच फाइल, अनेक साइट्स) आहे. नावात ॲट चिन्ह असलेली दोन युनिट लिहायची, एक सॉकेट आणि एक सर्व्हिस. वर्किंग डिरेक्टरी, युजर, गुनिकॉर्नचा (पायथन साइट चालवणारा सर्व्हर) पाथ, सगळीकडे टक्के-आय (%i) लिहा; त्या जागी साइटचं नाव येतं. तो आय लहानच हवा. मोठा आय हायफनचा स्लॅश करतो, आणि हायफन असलेल्या तेवढ्याच साइट्स का पडतात हे शोधण्यात दुपार जाते. सॉकेट युनिटमध्ये ग्रुप एन्जिनएक्सचा आणि मोड ०६६० द्या. इनेबल फक्त सॉकेट करायचं. पहिली रिक्वेस्ट आली की सर्व्हिस आपोआप उठते. त्यामुळे सर्व्हर रीबूट झाल्यावर तीसही साइट्स एकदम मेमरीवर तुटून पडत नाहीत. शिवाय सॉकेट सिस्टमडीच्या ताब्यात असल्याने कोड बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी नव्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात, पाहुण्याला एरर दिसत नाही.

सॉकेट गुनिकॉर्नलाच बनवू द्यायचं असेल तर एक खड्डा आहे. रनटाइम डिरेक्टरी सगळ्या साइट्सना सामायिक दिली की एक सर्व्हिस थांबताच सिस्टमडी तो फोल्डर पुसतं आणि बाकीच्यांची सॉकेट्सही जातात.

वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या गुनिकॉर्नच्या प्रोसेस, किती? गुनिकॉर्नची 'कोअरच्या दुप्पट अधिक एक' ही शिफारस अख्ख्या सर्व्हरचा विचार करून आहे, दर साइटमागे नाही. ४ कोअरवर ९ वर्कर, गुणिले ३० साइट्स, म्हणजे २७० प्रोसेस; एकेक ८० एमबी धरली तरी २१ जीबीच्या वर गेलो. लहान साइटला १ वर्कर आणि ४ थ्रेड पुरतात. प्रत्येक सर्व्हिसला मेमरीमॅक्स (मेमरीची कमाल मर्यादा) लावा, म्हणजे एक साइट फुगली तरी तीच मरेल. पोस्टग्रेस या डेटाबेसचाही हिशेब याच वेळी करा: त्याची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची असते, आणि कनेक्शन उघडी ठेवणाऱ्या तीस साइट्स गुणिले ४ थ्रेड तिथे मावत नाहीत.

सबडोमेनसाठी एक वाइल्डकार्ड सर्टिफिकेट पुरतं. सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडून ते मिळवायला डीएनएस चॅलेंजच (डीएनएसमध्ये नोंद टाकून डोमेन आपलं असल्याचं दाखवणं) लागतं, आणि हे सर्टिफिकेट एकाच पातळीपुरतं चालतं. सबडोमेनच्या आतल्या सबडोमेनला नाही.

शेवटी ५०२, म्हणजे एन्जिनएक्सला साइटकडून नीट उत्तर न मिळाल्याची एरर. हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही, एन्जिनएक्सच्या एरर लॉगमधला कंसातला अंक सांगतो. २ म्हणजे सॉकेट फाइलच नाही: नाव चुकलं किंवा युनिट सुरू नाही. फाइल नक्की आहे तरी २ येत असेल तर ती टेम्प फोल्डरमध्ये आहे का बघा. प्रायव्हेट टेम्प चालू असलं की एन्जिनएक्स आणि गुनिकॉर्न या दोघांना वेगवेगळा टेम्प दिसतो. १३ म्हणजे परवानगी. ११ म्हणजे रांग भरली, वर्कर कुठेतरी अडकलेत. १११ म्हणजे फाइल आहे पण ऐकणारं कुणी नाही. सर्व्हिस लागोपाठ पडली की सिस्टमडी नाद सोडतं, सॉकेट युनिटही फेल होतं आणि फाइल मात्र मागे राहते. जर्नलमध्ये (सिस्टमडीचा लॉग) त्या साइटचा ट्रेसबॅक (एररचा माग) वाचा, चूक दुरुस्त करा, मग रीसेट-फेल्ड देऊन सॉकेट पुन्हा चालू करा. तो ट्रेसबॅक दुसऱ्याच साइटच्या फोल्डरमधल्या लायब्ररींचे पाथ दाखवत असेल, तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कॉपी केलेलं आहे. त्यातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ कोरलेला असतो; ते काढून टाका, नवं बनवा आणि रिक्वायरमेंट्स फाइलवरून पॅकेजेस पुन्हा बसवा.